पैसे गमावण्याची झिंग

कुणीतरी हुकूम सोडतं, पैसे मागतं, बदल्यात काहीच देत नाही, वर अपमानही करतं. आणि देणाऱ्या प्रौढ माणसाला नेमकी यातच लैंगिक उत्तेजना मिळते. या प्रकाराला फायनान्शिअल डॉमिनेशन किंवा थोडक्यात 'फिनडॉम' म्हणतात. ऐकणारे बहुधा हसतात. मला मात्र हा विषय गंभीरपणे समजून घ्यावासा वाटतो, कारण यात घरं पोखरली जाऊ शकतात.

इथे शरीरसंबंध सहसा नसतोच, बरेचदा प्रत्यक्ष भेटही होत नाही. फोनवर रक्कम टाकलेली असते, समोरून उद्दाम मेसेज आलेला असतो, अंगठा बटणाच्या वर थबकलेला असतो आणि छाती धडधडत असते. सगळी झिंग या काही क्षणांत. पैसे गेले की ती उतरते, मग पश्चात्ताप होतो, अकाउंट डिलीट होतं. आणि अनेकदा काही दिवसांनी नवं उघडलं जातं.

रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञाने 1988 मध्ये मांडलं की, दुसऱ्याला शरण जाण्यात माणूस स्वतःपासून सुटका शोधतो. सतत निर्णय घ्यायचे, पत सांभाळायची, सगळं ताब्यात ठेवायचं, हे ओझं तेवढ्यापुरतं उतरतं. प्रौढ माणसाच्या हातातली सत्ता बऱ्याच अंशी पैशात साठलेली असते. म्हणून पैसा सोपवणं म्हणजे शरणागतीची कमाल.

पैसे देताना मनाला कळ लागते, हे तर सगळ्यांच्याच अनुभवाचं. 2007 मधल्या एका मेंदू-प्रतिमा अभ्यासात, वाजवीपेक्षा जास्त किंमत दिसल्यावर लोकांच्या मेंदूतला इन्सुला हा भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. वेदना आणि किळस यांच्याशीही तो निगडित आहे. फिनडॉममध्ये ही कळच उत्तेजनेशी जोडली जात असावी, असं मला वाटतं. त्यात भर अनिश्चिततेची. समोरचा कधी दखल घेतो, कधी दुर्लक्ष करतो. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. जुगाराची पकडही अशीच असते.

मग हा आजार म्हणायचा का? 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेनुसार केवळ आवड वेगळी असणं म्हणजे विकार नव्हे. त्या आवडीमुळे माणसाला त्रास होत असेल, आयुष्य विस्कटत असेल किंवा दुसऱ्याला इजा पोहोचत असेल, तर विकाराचा विचार होतो. ठरवलेल्या मर्यादेत, परवडेल तेवढेच पैसे देऊन हा खेळ खेळणारेही आहेत.

तरीही इतर शरणागतीच्या खेळांपेक्षा हा मला जास्त धोक्याचा वाटतो. दोरीने बांधलेल्याने ठरलेला शब्द उच्चारला की गाठ सोडता येते. इथे खेळ थांबला तरी गेलेले पैसे परत येत नाहीत, आणि नुकसान खरं असण्यातच तर सगळी गंमत असते. त्यामुळे उत्तेजनेच्या भरात दिलेल्या संमतीवर विसंबता येत नाही. मर्यादा आधीच, डोकं शांत असताना ठरायला हवी. कर्ज काढून पैसे दिले जाऊ लागले, जोडीदारापासून लपवालपवी सुरू झाली, की पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. 'घरी कळवीन' अशी खरीखुरी धमकी देऊन पैसे उकळणं तर सरळसरळ गुन्हा आहे.

लाजेमुळे ही माणसं मदत मागत नाहीत. ती आलीच, तर समुपदेशकाने आवडीचा पंचनामा करण्याआधी पैसे पाठवण्यापूर्वीच्या तासाभरात काय घडलं ते विचारावं: एकटेपणा, भांडण, दारू, कामावरचा अपमान. उपचाराला तिथून सुरुवात करता येते.