नर्सरी आणि रिसेप्शनमधील उन्हाळी सत्र (इंग्लंड)

इंग्लंडमधील शालेय वर्षाचे तिसरे आणि शेवटचे सत्र. ईस्टरच्या सुट्टीनंतर, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्यावर ते सुरू होते आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपते. मे महिन्याच्या अखेरीस मध्ये एक आठवड्याची ‘हाफ टर्म’ सुट्टी असते. महाराष्ट्रातली मुले ज्या मे महिन्यात आजोळी असतात, त्या महिन्यात इंग्लंडमधली मुले शाळेत असतात. नर्सरी (वय ३ ते ४) आणि रिसेप्शन (वय ४ ते ५) या दोन वर्गांसाठी हे सत्र वर्षातले सर्वांत भरगच्च असते. दिवस मोठा आणि उबदार झालेला असतो, त्यामुळे शिकणे वर्गाबाहेर पसरते. याच सत्रात रिसेप्शनमधल्या प्रत्येक मुलाचे सरकारी नियमांनुसार मूल्यमापन होते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात हे लक्षात घेतल्याशिवाय या सत्राचे स्वरूप नीट कळत नाही.

चौकट

रिसेप्शन हा प्राथमिक शाळेचा पहिला वर्ग. कायद्याने शिक्षण सक्तीचे होते ते पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून. तरीही बहुतेक मुले चार वर्षे पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरमध्येच शाळेत दाखल होतात. पाच वर्षे ही वयोमर्यादा १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यापासून चालत आली आहे आणि युरोपातल्या अनेक देशांच्या मानाने ती कमी आहे. नर्सरीचा वर्ग शाळेला जोडलेला असू शकतो किंवा स्वतंत्र संस्थाही असू शकते. तिथे जाणे ऐच्छिक असते. पण ३ व ४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला १५ तास सरकारी खर्चाने मिळतात. नोकरी करणाऱ्या पात्र पालकांच्या मुलांना ३० तास मिळतात.

दोन्ही वर्गांना ‘अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज’ हा एकच आराखडा लागू आहे. २००६ च्या चाइल्डकेअर कायद्याच्या आधारे तो सप्टेंबर २००८ पासून अमलात आला आणि २०२१ मध्ये त्यात मोठे बदल झाले. शिकण्याची सात क्षेत्रे त्यात सांगितली आहेत. संवाद व भाषा, शारीरिक विकास आणि व्यक्तिगत-सामाजिक-भावनिक विकास ही तीन पायाभूत क्षेत्रे. त्यांच्या आधाराने साक्षरता, गणित, परिसराची समज आणि कला ही उरलेली चार. कोणत्या सत्रात काय शिकवावे हे आराखडा ठरवून देत नाही. उन्हाळी सत्राचा जो ठरीव साचा आज इंग्लंडभर दिसतो, तो शिक्षकांच्या वर्षानुवर्षांच्या सरावातून आणि हवामानामुळे घडला आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे अभ्यासक्रम वेगळे असल्याने ही नोंद इंग्लंडपुरतीच आहे.

नर्सरीत

नर्सरीतल्या मुलाने या सत्रात वाचायला लागावे अशी अपेक्षा नसते. तिथे कान तयार होतात. यमक ओळखणे, एकाच ध्वनीने सुरू होणारे शब्द शोधणे, टाळ्यांवर शब्दाचे तुकडे पाडणे हे खेळ वर्षभर चाललेले असतात. उन्हाळ्यात त्यात तोंडी जुळणीची भर पडते: शिक्षिका ‘क-ॲ-ट’ असे सुटे ध्वनी उच्चारते आणि मूल ‘कॅट’ म्हणते. पुढे सप्टेंबरमध्ये अक्षरे समोर येतात तेव्हा हे आधी झालेले मूल अडखळत नाही. ज्याचे झालेले नसते, त्याची अक्षरे पाठ होतात, पण शब्द जुळत नाही.

गणितात पाचपर्यंतच्या संख्या पक्क्या केल्या जातात. एकेका वस्तूला एकेक अंक म्हणणे आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच ‘एकूण किती’ हे उमगणे, ही या वयातली मोठी पायरी असते. तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता नजरेने ओळखणेही याच काळात बसते. बरीच मुले स्वतःच्या नावातली काही अक्षरे किंवा पूर्ण नाव लिहू लागतात.

माझ्या मते नर्सरीच्या उन्हाळ्यातले सर्वांत महत्त्वाचे शिक्षण कपडे अडकवण्याच्या खुंट्यांपाशी होते. कोटाची चेन स्वतः लावणे, बूट योग्य पायात घालणे, शौचालयात एकट्याने जाऊन येणे, हात धुणे, काटा-सुरी धरून जेवणे, ‘मला मदत हवी’ हे मोठ्या माणसाला शब्दांत सांगता येणे. नर्सरीच्या वर्गात पात्र शिक्षक असेल तर १३ मुलांमागे एक प्रौढ असावा लागतो. रिसेप्शनमध्ये एका शिक्षकामागे ३० पर्यंत मुले चालतात. ही झेप मुलासाठी मोठी असते आणि स्वतःचे स्वतः करता येणे हाच तिथला आधार असतो.

१६ एप्रिलच्या सुमारास पालकांना रिसेप्शनची जागा कोणत्या शाळेत मिळाली ते कळते. त्यासाठीचा अर्ज आधीच, १५ जानेवारीपर्यंत केलेला असतो. तिथून पुढे भेटी सुरू होतात. मूल नव्या वर्गात पालकांसह तासभर खेळून येते, मग एकटे थांबून पाहते. काही शाळांच्या शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन भेटतात. नर्सरीतून मुलाची माहिती नव्या शिक्षिकेकडे पोहोचते.

रिसेप्शनमध्ये: वाचन, लेखन, संख्या

इंग्रजीत २६ अक्षरे आणि सुमारे ४४ ध्वनी आहेत. त्यामुळे काही ध्वनींसाठी दोन-तीन अक्षरे एकत्र वापरावी लागतात. फोनिक्स पद्धतीत हे संबंध ठरलेल्या क्रमाने शिकवले जातात. सुरुवातीचे वाचन कसे शिकवावे याविषयीच्या २००६ च्या रोझ अहवालाने या पद्धतीची शिफारस केली आणि नंतर ती देशभर रुजली. शरद आणि वसंत सत्रांत सुट्या अक्षरांचे ध्वनी आणि एस-एच, सी-एच, ए-आय अशा जोड्या झालेल्या असतात. उन्हाळी सत्रात बहुतेक शाळा नवे ध्वनी थांबवून जोडव्यंजनांकडे वळतात: ‘फ्रॉग’, ‘मिल्क’, ‘स्टॅम्प’. प्रौढ वाचकाला हे किरकोळ वाटेल. पण ‘स्टॅम्प’मधले पाच ध्वनी क्रमाने लक्षात ठेवून जोडणे हे पाच वर्षांच्या स्मरणशक्तीला भलतेच जड जाते. अनेक मुले ‘स’ किंवा ‘म’ गाळून टाकतात. सोबतच ‘सेड’, ‘वॉज’ यांसारखे नियमात न बसणारे, पण वारंवार येणारे शब्द शिकवले जातात.

वर्षअखेरीची अपेक्षा अशी: वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराचा एकेक ध्वनी आणि किमान १० अक्षरजोड्यांचे ध्वनी सांगता यावेत, येणाऱ्या ध्वनींतूनच घडलेली सोपी वाक्ये मोठ्याने वाचता यावीत, आणि दुसऱ्याला वाचता येईल असे साधे वाक्य लिहिता यावे. यातली शेवटची अट समजून घेण्यासारखी आहे. शुद्धलेखन अपेक्षित नाही. मुलाने शब्द ऐकला तसा, येणाऱ्या अक्षरांत लिहिला आणि शिक्षिकेला तो वाचता आला, तर ते यश मानले जाते. पालकांना अशा वह्या चुकांनी भरलेल्या वाटतात. प्रत्यक्षात मूल किती ध्वनी वेगळे ऐकते याचा तो उत्तम पुरावा असतो, म्हणून घरी बसून प्रत्येक शब्द खोडून काढू नये.

गणितात १० या संख्येच्या आत खोल जाण्यावर भर असतो. मोठ्या बेरजांची घाई करत नाहीत. दोन ओळींत पाच-पाच घरे असलेल्या चौकटीत सोंगट्या मांडून ७ म्हणजे ५ आणि २ हे मूल डोळ्यांनी पाहते. पाचपर्यंतच्या जोड्या (जसे ५ म्हणजे ३ आणि २) तोंडपाठ, दहाच्या काही जोड्या, दुप्पट, सम-विषम, समान वाटणी आणि २० च्या पुढे मोजताना संख्यांच्या नावांतली पुनरावृत्ती ओळखणे, हा उन्हाळी सत्राचा मुख्य भाग. आकार आणि मापन ही २०२१ पर्यंत मूल्यमापनाच्या उद्दिष्टांत होती. ती तिथून काढली गेली, तरी शिकवण्यातून गेलेली नाहीत. पाण्याच्या टबात भांडी रिकामी करण्याचा आणि ठोकळे रचण्याचा खेळ चालूच असतो.

बाग

या सत्राची ओळख सांगणारी एक गोष्ट निवडायची तर ती वर्गातला सुरवंटांचा डबा. मे महिन्यात शाळा ‘पेंटेड लेडी’ या जातीच्या फुलपाखरांचे सुरवंट मागवतात. डब्यातच त्यांचे खाद्य असते. मुलांसमोर ते रोज फुगत जातात, डब्याच्या झाकणाला उलटे लटकतात, कोष करतात आणि साधारण तीन ते पाच आठवड्यांत फुलपाखरे बाहेर येतात. मग सगळा वर्ग बागेत जाऊन ती सोडून देतो. काही शाळांत अंडी उबवण्याचे यंत्र येते आणि २१ दिवसांच्या उबवणीचे शेवटचे दिवस मुले बघतात. कुठे तलावातून आणलेले बेडूकमासे असतात. सूर्यफुलाचे बी कुंडीत लावून दर आठवड्याला उंची मोजली जाते. ओल्या कापसावर हलीम उगवतो, तो कापून सँडविचमध्ये घालतात.

एका डब्यातून किती क्षेत्रे साधली जातात ते पाहण्यासारखे आहे. मूल रोज चित्र काढते, खाली एक वाक्य लिहिते, कोष मोजते, ‘काल’, ‘उद्या’, ‘अजून नाही’ यांचा नेमका वापर शिकते. एखादा सुरवंट मरतो आणि त्याबद्दल बोलावे लागते. भिंगातून पाहिलेले, थांबून पाहिलेले असे अनुभव पाच वर्षांच्या मुलाला तक्त्यावरून मिळत नाहीत. दगड उलटून गोगलगायी आणि लाकूडकिडे शोधणे, मातीच्या स्वयंपाकघरात ‘भाजी’ रांधणे, पायाने ढकलायच्या सायकलीवर तोल सावरणे हेही सगळे शिकणेच आहे. जून-जुलैत ‘स्पोर्ट्स डे’ होतो, त्यात चमच्यावर अंडे घेऊन धावण्याची शर्यत असतेच. शेतावर किंवा समुद्रकिनारी सहल जाते.

बाहेर शिकवण्याची ही परंपरा जुनी आहे. रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागात गरीब वस्तीतल्या मुलांसाठी खुल्या हवेतली नर्सरी सुरू केली. त्यांचा पहिला हेतू आरोग्याचा होता: कोंदट खोल्यांत वाढणाऱ्या मुलांना हवा, ऊन, स्वच्छता आणि पोटभर अन्न मिळावे. बाग हीच शाळा, हा विचार त्यातून आला. आजच्या आराखड्यातही मुलांना रोज बाहेर नेण्याची व्यवस्था करणे संस्थांवर बंधनकारक आहे.

प्रोफाइल आणि वयाचा प्रश्न

रिसेप्शनच्या प्रत्येक मुलाचे ‘प्रोफाइल’ ३० जूनपर्यंत पूर्ण करावे लागते. यात परीक्षा नसते. वर्षभर मुलाला पाहिलेली शिक्षिका १७ उद्दिष्टांपैकी प्रत्येकासाठी ‘अपेक्षित पातळी’ किंवा ‘अजून घडत आहे’ असा निर्णय देते. ‘अपेक्षेपेक्षा पुढे’ ही तिसरी पातळी २०२१ च्या बदलांत काढली गेली. तिन्ही पायाभूत क्षेत्रे, साक्षरता आणि गणित यांतली १२ उद्दिष्टे गाठणाऱ्या मुलाचा विकास ‘चांगल्या पातळीचा’ धरला जातो. २०२४-२५ मध्ये अशा मुलांचे प्रमाण ६८.३ टक्के होते. २०२८ पर्यंत ते ७५ टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे.

परीक्षेऐवजी निरीक्षणावर विसंबणे हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. तिची कमकुवत बाजू वेगळीच आहे. एकाच वर्गात १ सप्टेंबरला जन्मलेले आणि पुढच्या ३१ ऑगस्टला जन्मलेले मूल शेजारी बसते. जूनमध्ये एक पावणेसहाचे होत आलेले असते, दुसऱ्याचा पाचवा वाढदिवस अजून व्हायचा असतो आणि दोघांना उद्दिष्टे तीच लागतात. उन्हाळ्यात जन्मलेली मुले सरासरीने मागे दिसतात, हे सरकारी आकडेवारीत दरवर्षी उमटते. मुलगेही मुलींच्या मागे असतात. एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाला एक वर्ष उशिरा रिसेप्शनमध्ये घालण्याची विनंती पालक करू शकतात; निर्णय प्रवेश देणाऱ्या यंत्रणेचा असतो. ‘अजून घडत आहे’ हा शेरा ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाच्या अहवालात आला तर त्याच्या शेजारी जन्मतारीख ठेवूनच तो वाचला पाहिजे.

हा निकाल पालकांना लेखी कळवतात आणि ‘इयर वन’च्या, म्हणजे रिसेप्शननंतरच्या वर्गाच्या, शिक्षिकेकडे सोपवतात. सप्टेंबरपासून राष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू होतो, खुर्चीवर बसण्याचा वेळ वाढतो आणि पुढच्या जूनमध्ये फोनिक्सची चाचणी असते. म्हणून जुलैत मुले नव्या वर्गात जाऊन येतात, नव्या शिक्षिकेकडून गोष्ट ऐकतात.

घरची भाषा

इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांना या सत्रात एक शंका हमखास येते: घरी मराठी बोलल्याने मूल मागे पडेल का? आराखड्याची भूमिका स्पष्ट आहे. खेळताना आणि शिकताना मुलाला घरची भाषा वापरण्याची संधी मिळावी यासाठी संस्थांनी प्रयत्न करायचे असतात, आणि त्याबरोबरच इंग्रजीही चांगली यावी हे पाहायचे असते. प्रोफाइलमध्ये संवाद व भाषा आणि साक्षरता यांचे मूल्यमापन इंग्रजीतूनच होते. बाकीची उद्दिष्टे कोणत्याही भाषेतून दिसली तरी चालतात.

मोजणीत मात्र मराठी मुलासमोर एक खरी अडचण येते. इंग्रजीत वीसच्या पुढे आधी दशक आणि मग एकक येते, त्यामुळे नियम लवकर कानात बसतो. मराठीत ‘एकवीस, बावीस’मध्ये एकक आधी येते, ‘एकोणतीस’ तर पुढच्या दशकाच्या आधाराने उभे असते, आणि शंभरपर्यंतची नावे जवळजवळ पाठच करावी लागतात. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा झालेला वाद याच अडचणीवरून होता. दोन्ही भाषांत मोजणारे मूल काही दिवस २१ आणि १२ यांची अदलाबदल करते. पण दहा द्राक्षे भावंडात समान वाटून ‘पाच-पाच’ म्हणणाऱ्या मुलाला दुपटीची कल्पना समजलेली असते. पालकांनी घरी पाहिलेले असे प्रसंग जूनच्या आधी शिक्षिकेच्या कानावर घातले, तर प्रोफाइल भरताना ते विचारात घेता येतात.