‘कसंतरीच वाटलं’ या शब्दांमागे

ओशाळणे, वरमणे, खजील होणे, मेल्याहून मेल्यासारखे होणे! लाजेच्या छटा सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही. तरीही गटोपचारासाठी गोलाकार बसलेल्या माणसांच्या तोंडी यांतला एकही शब्द सहसा येत नाही. ‘मला कसंतरीच वाटलं,’ एवढेच ऐकू येते.

अमेरिकन मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी मानसोपचाराच्या सत्रांतील संवाद शब्दशः तपासून आपले निष्कर्ष १९७१ साली ग्रंथरूपाने मांडले. त्या संवादांत लाज जागोजागी होती, पण रुग्ण तिचे नाव घेत नव्हते आणि उपचारकांच्याही ती ध्यानात येत नव्हती. लुईस यांना तिची दोन रूपे दिसली. पहिल्यात वेदना जाणवते, पण तिला नाव मिळत नाही. माणूस अडखळतो, आवाज खाली जातो, नजर जमिनीला खिळते. दुसऱ्यात वेदना जाणवण्याआधीच बाजूला सारली जाते आणि माणूस भरभर, मुद्देसूद, कोरडेपणाने बोलत सुटतो. माझ्या मते गटात हे दुसरे रूपच अधिक फसवे असते, कारण असा सदस्य सर्वांना बरा झाल्यासारखा वाटतो.

समजा, व्यसनमुक्तीच्या गटात एकाने विचारले, ‘मुलीच्या शाळेत तुम्ही पिऊन गेला होतात ना?’ उत्तरादाखल समोरचा शाळेच्या कारभारावर तावातावाने बोलू लागला, तर तो राग शाळेवरचा असेलच असे नाही. लाज वाटल्याचा राग येतो आणि रागावल्याची पुन्हा लाज वाटते, हे चक्र समाजशास्त्रज्ञ थॉमस शेफ यांनी उलगडून दाखवले आहे. ‘मी वाईट वागलो’ हा अपराधभाव कबूल करता येतो. ‘मीच वाईट आहे’ ही लाज मात्र लपायला जागा शोधते, आणि गटात तर दहा डोळे रोखलेले असतात.

खाली गेलेली नजर हा एकटा पुरावा पुरेसा नाही, कारण आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर ती अदबीनेही झुकते. पाहायचा असतो तो बदल: त्याच माणसाचा सूर नेमका कोणत्या वाक्यानंतर पालटला? जाणता उपचारक तिथे ‘तुम्हाला लाज वाटते आहे’ असे सर्वांदेखत सांगत नाही, कारण ते सांगणेच नवी लाज ठरते. तो संवाद सावकाश त्या वाक्यापाशी परत नेतो आणि गटाला विचारतो, ‘असा प्रसंग आणखी कोणावर आला आहे का?’ एखादा हात वर होतो आणि बराच वेळ खाली असलेली मान तो हात कोणाचा हे पाहायला वळते.