क्रिस्टल बदललं की थेट दुबई?

गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेट्टीवर ओळखीचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे म्होरके, भेटले. त्यांच्या भाच्याने कुणाच्या तरी जुन्या सामानातून एक सीबी रेडिओ, म्हणजे सामान्य माणसाने दूरवर बोलायचा-ऐकायचा सेट, मिळवला होता. चाळीस चॅनलचा अमेरिकी सेट, पुढे चॅनल बदलायचं गोल बटण, पिळाच्या वायरीचा माइक. सेट ऐकत होता, पण बोलत नव्हता. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "आतलं क्रिस्टल बदलून देतो, दोन हजार पडतील. मग थेट दुबईशी बोल." भाचा खुशीत, तांडेल साशंक. "मास्तर, खरं काय हो ह्यातलं?" म्हणत त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

दुबई इथून साधारण दोन हजार किलोमीटर. गंमत म्हणजे अशा सेटवरून कधीकधी तिथवर आवाज जातोही. पण त्याचं श्रेय क्रिस्टलला द्यायचं कारण नाही, आणि हे नीट सांगायचं तर डबा उघडावाच लागतो.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. अमेरिकेने १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची एक पट्टी सामान्य लोकांना बोलायला मोकळी केली. १९७३ च्या तेलटंचाईत ट्रकवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, गर्दी झाली, आणि १ जानेवारी १९७७ पासून २३ चॅनलचे ४० झाले. चॅनल १ म्हणजे २६.९६५ मेगाहर्ट्झ, चॅनल ४० म्हणजे २७.४०५. मधलं अंतर १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी मोजलंत तर जागा ४५ भरतात, चाळीस नाही. गाळलेल्या पाच जागा रिमोटच्या खेळण्यांसाठी आहेत. जत्रेत घेतलेली रिमोटची स्वस्त गाडी बहुधा त्यातल्याच एकीवर चालते.

आपल्याकडे २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ एवढीच पट्टी विनापरवाना मोकळी आहे, तीही जास्तीत जास्त ५ वॉटला, आणि उपकरणाला मान्यता लागते ती वेगळीच. म्हणजे अमेरिकी सेटवरचे पहिले २७ चॅनल हद्दीत, २८ पासून पुढचे बाहेर. ही पट्टी अशी अर्धवट आकड्यांची का? तिचा मध्य २७.१२ मेगाहर्ट्झ आहे, आणि तो जगभर यंत्रांच्या तापवण्यासाठी राखलेला आहे. प्लास्टिक जोडायची यंत्रं त्यावर चालतात. फिजिओथेरपीवाला गुडघ्याला खोलवर शेक देतो ते मशीनही त्यावरच. सीबीवाले या शेजाऱ्यांची घरघर सोसत राहतात.

आता क्रिस्टल. पत्र्याच्या चपट्या डबीत क्वार्ट्झची, म्हणजे आपल्या गारगोटीच्याच कुळातल्या स्फटिकाची, एक चकती असते. क्वार्ट्झवर दाब दिला तर त्याच्या पृष्ठावर वीज उमटते, हे जॅक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही खरं असतं. वीज दिली तर चकती किंचित लचकते, आणि तिच्या जाडीला साजेशा वेगाने देत राहिलं तर ती थरथरत राहते. सीबीमधलं क्रिस्टल १०.२४ मेगाहर्ट्झचं असतं. त्यातली चकती जेमतेम ०.१६ मिलिमीटर जाड, म्हणजे वहीच्या दीड-दोन पानांएवढी. ती सेकंदाला एक कोटी दोन लाख चाळीस हजार वेळा थरथरते आणि त्यात सहसा काही शे वेळांपलीकडे चुकत नाही.

याच थरथरीच्या जोरावर बाजारात स्फटिकाच्या माळा खपतात, "शरीराची फ्रिक्वेन्सी जुळते" असं सांगून. माळेतला मणी विजेचा धक्का मिळाल्याशिवाय असा नाद धरत नाही. मिळाला तरी मणी गोल, त्याला ठराविक कोनात कापलेलं नाही, दोन बाजूंना चांदीचा मुलामा नाही. गळ्यात घालायला छान दिसते, थंड लागते, घाला. मनगटावरच्या पन्नास-शंभर रुपयांच्या घड्याळात मात्र खरंखुरं थरथरणारं क्वार्ट्झ असतं, ३२,७६८ हर्ट्झचं. त्या संख्येला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो. तोच तुमचा सेकंद.

१०.२४ ही संख्याही तशीच मुद्दाम निवडलेली आहे. तिला अकरा वेळा निम्मं करा, हाती बरोबर ५,००० हर्ट्झ येतात. पण सेटला हवेत २७ मेगाहर्ट्झ, आणि तेही चाळीस वेगवेगळे. पूर्वी प्रत्येक चॅनलसाठी क्रिस्टलांच्या जोड्या लावत, सेटमध्ये डझनभर तरी डब्या असत. मग आला फेज लॉक्ड लूप, एकाच क्रिस्टलवरून साऱ्या चॅनलच्या फ्रिक्वेन्सी काढणारी जोडणी. रेडिओच्या साऱ्या जोडणीत माझा जीव या एका तुकड्यावर आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

गुहागर-चिपळूणकडची जाखडी आठवा. मध्ये मृदंगवाला आणि गाणारे, भोवती फेर धरून नाचणारे, पायांत घुंगरू. समजा ठरलंय की मृदंगाच्या एका थापेत आठ पावलं पडली पाहिजेत. सात पावलं कशीही पडोत, आठवं पाऊल थापेवर आलंच पाहिजे. नाचणाऱ्याचं आठवं पाऊल उशिरा पडलं तर तो पुढच्या आवर्तनात पाय उचलतो, लवकर पडलं तर रेंगाळतो. दोन-चार आवर्तनांत जुळतं. आता मृदंगवाल्याला काहीही न सांगता नाचणाऱ्यांना सांगा, "थापेवर नववं पाऊल." थापेचा वेग तोच, पण पाय आपोआप जलद.

सेटमध्ये मृदंग म्हणजे क्रिस्टल, थाप सेकंदाला ५,०००. नाचणारा म्हणजे एक चंचल आंदोलक, प्रक्षेपणाची लहर तयार करणारा भाग. त्याला जास्त व्होल्ट दिले की तो जलद होतो, कमी दिले की सावकाश. मध्ये एक मोजणारी चिप आणि एक तुलना करणारा भाग. चॅनल १ वर मोजणारा म्हणतो, "५,३९३ वं पाऊल थापेवर." ५,३९३ गुणिले ५,००० म्हणजे २,६९,६५,००० हर्ट्झ. चॅनल ४० ला आकडा ५,४८१. तुलना करणाऱ्याला पाऊल मागे दिसलं की तो व्होल्ट वाढवतो, पुढे दिसलं की उतरवतो. पुढचं गोल बटण फिरवताना तुम्ही फक्त हा आकडा बदलत असता. सगळेच सेट अगदी असे सरळ नसतात, बऱ्याच जुन्या सेटमध्ये मध्ये आणखी एक क्रिस्टल मिसळून हिशोब छोटा केलेला असतो. तत्त्व हेच.

म्हणजे प्रक्षेपणाची फ्रिक्वेन्सी हलवायचे मार्ग दोन. मोजणाऱ्याचा आकडा बदला, नाहीतर थापेचा वेग. जुन्या चिपांत आकडा बाहेरच्या पायांवर, म्हणजे पिनांवर, द्विमान पद्धतीने लिहिलेला असे. एखादा पाय ग्राउंडच्या तारेपासून सोडवला की आकडा उडी मारे आणि सेट हद्दीबाहेरच्या चॅनलवर जाई. हे फार लोक करू लागले, तेव्हा नंतरच्या चिपांत चॅनलांचे आकडे आतच कोरून टाकले.

दुरुस्तीवाला म्हणत होता तो दुसरा मार्ग. समजा त्याने १०.२४ च्या जागी १०.३० चं क्रिस्टल टाकलं. थाप ५,०२९ च्या आसपास जाईल. चॅनल १ सरकून २७.१२३ वर, चॅनल ४० जवळपास २७.५६६ वर, आणि दोन चॅनलमधली पायरी १० ऐवजी १०.०६ किलोहर्ट्झ. जगातल्या कुणाच्याही चॅनलशी धड जुळणार नाही. पण खरी मेख पुढे आहे. सेट ऐकतो तेव्हा आलेला संदेश आधी १०.६९५ मेगाहर्ट्झवर उतरवतात, आणि मग त्यातून क्रिस्टलचे १०.२४ वजा करून ०.४५५ वर. हे १०.२४ म्हणजे तेच क्रिस्टल! एका डबीवर दोन्ही कामं, काटकसर म्हणून. पुढची चाळणी फक्त ०.४५५ ला वाट देते. क्रिस्टल १०.३० चं झालं की वजाबाकी ०.३९५ येते आणि चाळणी ती अडवते. भाचा दुबईला हाका मारत बसला असता आणि सेट ठार बहिरा.

सिंगल साइडबँडच्या, म्हणजे आवाजाच्या लहरीची एकच बाजू पाठवणाऱ्या, सेटमधलं क्लॅरिफायर नावाचं बटण हा याच खेळाचा नाजूक प्रकार. त्या पद्धतीत आवाज जिच्यावर स्वार होतो ती वाहक लहर पाठवतच नाहीत, म्हणून दोन सेटमध्ये दोनशे-तीनशे हर्ट्झचा फरक पडला तरी माणूस बदकासारखा बोलतो. तो फरक काढायला क्रिस्टलशेजारी व्हॅरॅक्टर डायोड बसवतात. त्याच्यावरचा उलटा व्होल्ट बदलला की त्याची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची ताकद, बदलते आणि क्रिस्टल दहा लाखांत काही दहाकांनी ओढलं जातं. कारखान्यात हे बटण फक्त ऐकताना चालेल असं बांधलेलं असतं, बोलताना डायोडवर ठरलेला स्थिर व्होल्ट येतो, कारण अमेरिकी नियमात चुकीची मुभा ०.००५ टक्के, म्हणजे २७ मेगाहर्ट्झला साधारण १,३५० हर्ट्झ, एवढीच आहे. हौशी लोक तो स्थिर व्होल्ट काढून बोलतानाही बटण चालू ठेवतात. मग दोघंही एकमेकांच्या मागे बटण फिरवत बसतात आणि गप्पा हळूहळू चॅनलच्या कडेला घसरतात.

मग दुबईचं काय? या सगळ्यात शक्ती एका वॉटनेही वाढली नाही. उलट शेवटचा ट्रान्झिस्टर, त्याच्या कॉइली आणि अँटेना २७ मेगाहर्ट्झला जुळवलेल्या असतात. ११ मीटर तरंगलांबीच्या चौथाई म्हणून अँटेना पावणेतीन मीटरची. फ्रिक्वेन्सी फार दूर नेली की बरीच शक्ती परत येऊन ट्रान्झिस्टर तापवते. अंतर दुप्पट करायचं तर मोकळ्या जागेतही शक्ती चौपट लागते. समुद्रावर एक सवलत आहे, खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्याने २७ मेगाहर्ट्झची लहर पाण्याला धरून जमिनीपेक्षा लांब जाते. बोटीवरचा व्हीएचएफ सेट, संकटात हाक मारायच्या चॅनल १६ चा १५६.८ मेगाहर्ट्झ, बहुतेक नजरेच्या रेषेत चालतो. दोन्ही अँटेना पाण्यापासून पाच मीटरवर असतील तर अठरा-एक किलोमीटर.

दोन हजार किलोमीटरचं काम सूर्य करतो. अडीचशे-तीनशे किलोमीटर वर सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेला थर पुरेसा दाट झाला की २७ मेगाहर्ट्झची लहर तिथून वळून खाली येते, पाच वॉटवरही. हे सूर्यडागांच्या साधारण ११ वर्षांच्या चक्रावर अवलंबून. सूर्य चक्राच्या कमाल टप्प्यात असल्याचं २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालं. अशा वर्षांत, विशेषतः दिवस-रात्र समान असण्याच्या महिन्यांत, बिघडवलेला आणि न बिघडवलेला सेट सारखाच लांब ऐकू जातो. कुणीतरी क्रिस्टल बदललं, त्याच आठवड्यात आकाश उघडलं, आणि कारागिराचं नाव झालं.

कायदेशीर मोडतोड करायची असेल तर हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढावा. २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ शेजारीच आहे आणि परवानाधारक मंडळी जुने सीबी सेट तिथे नेतात. आकडा ५,६०० केला की झालं २८, कॉइली मात्र नव्याने जुळवाव्या लागतात. बोटीवर जीव वाचवायला यातलं काहीच नको, तिथे व्हीएचएफचा चॅनल १६.

भाच्याचा सेट उघडला तर क्रिस्टल ठणठणीत होतं. माइकची एक वायर प्लगच्या तोंडाशी तुटलेली. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडलं होतं. खरवडून डाग दिला, चॅनलच्या बटणावर २७ च्या पुढे लाल टेप चिकटवला. संध्याकाळी पाचला पोराने चालू करून चॅनल फिरवले. चॅनल १४ वर जाड घरघर आली, सलग, दहा-पंधरा मिनिटं. "दुबई?" त्याने विचारलं. चॅनल १४ म्हणजे २७.१२५. बाजारपेठेत कुणाचा तरी गुडघा शेकत असावा.