पीपीटी आमच्याकडे पाठवण्याआधी

"मजकूर सगळा तयार आहे, फक्त जरा अट्रॅक्टिव्ह करून द्या. उद्या दहाला रिव्ह्यू आहे." आम्ही कंपन्यांच्या मीटिंगसाठी पीपीटी, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या स्लाइड, तयार करून देतो. पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, तळेगावच्या कंपन्यांमधून येणारे बरेचसे फोन याच वाक्याने सुरू होतात. फाईल उघडावी तर वर्डमधला अख्खा परिच्छेद, त्याखाली एक्सेलचा तक्ता आणि कोपऱ्यात लोगो. रंग आणि फॉन्ट बदलून द्यायला आम्हाला तासभर पुरतो. पण परिच्छेद तसाच राहिला तर मीटिंगमध्ये व्हायचं तेच होतं. माणसाला एका वेळी वाचता तरी येतं किंवा ऐकता तरी येतं. तुम्ही तिसऱ्या ओळीवर असता तोवर साहेब शेवटची ओळ वाचून मोबाइलमध्ये गेलेले असतात.

याचं मूळ एकाच गोष्टीत आहे, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळही तिथेच जातो: पडद्यावर दाखवायची आणि नंतर सगळ्यांना मेल करायची फाईल एकच ठेवणं. मेलवर वाचणाऱ्याला पूर्ण तपशील लागतो, कारण समजावून सांगायला तुम्ही शेजारी नसता. समोर बसलेल्याला तुम्ही सांगणारच आहात, त्याला पडद्यावर फक्त बघण्यासारखं तेवढं हवं. म्हणून आम्ही दोन फाइली करतो, पडद्यासाठी पीपीटी आणि वाटण्यासाठी दोन-तीन पानांचं टिपण. "आमचा मजकूर का काढला?" असं विचारणाऱ्यांनी आधी टिपण उघडावं. तुमचा प्रत्येक आकडा तिथे सापडेल.

मागे एका कारखान्याच्या क्वालिटी विभागाची स्लाइड आली होती. शीर्षक 'रिजेक्शन ॲनालिसिस' (तपासणीत नापास झालेल्या मालाचा हिशोब), खाली नऊ मशीन आणि बारा महिने, म्हणजे १०८ आकडे, तेही १० पॉइंटच्या बारीक अक्षरात. आम्ही फोन करून विचारलं, यातून साहेबांना काय कळायला हवं? उत्तर लगेच आलं, "चार नंबरच्या मशीनचं स्पिंडल गेलंय, बदलायला मंजुरी पाहिजे." हे वाक्य स्लाइडवर कुठेच नव्हतं! आम्ही त्याचंच शीर्षक केलं. खाली नऊ रेघांचा आलेख, त्यातल्या आठ करड्या आणि चार नंबरची लाल. तक्ता टिपणात गेला. मीटिंगमध्ये पहिलाच प्रश्न खर्चाचा आला, आणि तो आकडा पुढच्याच स्लाइडवर होता.

शीर्षकाबद्दल आम्ही एवढा हट्ट धरतो त्याला कारण आहे. २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. यान अंतराळात असतानाच, उड्डाणावेळी इंधनटाकीवरून सुटून पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल अभियंत्यांनी नासासमोर स्लाइड मांडल्या होत्या. त्यातल्या एकीचं शीर्षक धीर देणारं होतं. अगदी तळाशी मात्र लिहिलं होतं की हा तुकडा सुमारे १९२० घनइंचांचा, आणि चाचण्या ३ घनइंचांच्या तुकड्यावर झालेल्या. अपघाताचं कारण अर्थातच स्लाइड नव्हती. तरीही चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडवर मुद्दाम बोट ठेवलं. आपल्याकडे यान नसेल, पण सगळ्यात महत्त्वाची ओळ तळाशी बारीक अक्षरात टाकायची सवय आपल्याकडेही आहे.

"तुम्ही स्लाइडमागे दर का सांगत नाही?" हेही वारंवार विचारलं जातं. पूर्वी सांगायचो. मग पैसे वाचवायला लोक तीन स्लाइडचा मजकूर एकीत कोंबायचे, आणि तो सोडवण्यात आमचा दिवस जायचा. आता दर पूर्ण कामाचा असतो. दहाच्या पंधरा स्लाइड झाल्या तरी रक्कम तीच.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा टायपिंगमध्येच पाठवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाईल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि हे नेमकं कॉन्फरन्स रूममध्ये लक्षात येतं. जुनी फाईल आम्ही बदलून देतो, पण मग प्रत्येक जोडाक्षर तपासावं लागतं, त्याला एक दिवस जादा धरा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पडद्यावर फुटतात. प्रोजेक्टर जुना, चौकोनी पडद्याचा असेल तर तेही आधीच सांगा. आम्ही फाईल रुंद पडद्याच्या मापाने करतो आणि शेवटी माप बदललं की प्रत्येक स्लाइड पुन्हा लावावी लागते.

बोलायचे मुद्दे आम्ही स्लाइडखालच्या नोट्समध्ये टाकून देतो. प्रेझेंटर व्ह्यू चालू केलात की ते तुमच्याच लॅपटॉपवर दिसतात. चर्चा रंगली तर मध्येच 'बी' दाबा, पडदा काळा होतो आणि सगळ्यांची नजर तुमच्याकडे येते. पुन्हा 'बी' दाबलं की स्लाइड परत. ॲनिमेशन आम्ही फारसं घालत नाही. आलेखातली एकेक रेघ क्रमाने आणायची असेल तिथे जरूर घालतो.

काम सुरू करण्याआधी आम्ही वीस मिनिटं फोनवर बोलतो. त्याचे पैसे नाहीत, पण ते टाळून काम घेत नाही. समोर कोण बसणार, किती वेळ मिळणार आणि मीटिंग संपल्यावर त्यांनी कशाला 'हो' म्हणायला हवं, एवढंच विचारतो. मांडणारी व्यक्ती स्वतः फोनवर असली तर फारच बरं. साधारण पंधरा स्लाइडना तीन दिवस धरा. मीटिंग उद्याच असेल तरी फोन करा. तेवढ्या वेळात पहिल्या तीन स्लाइड नीट होतात, आणि बाकी मजकूर टिपण म्हणून वाटता येतो.