ब्राम्सचा हॉर्न ट्रिओ आणि ‘वाल्डहॉर्न’ या शब्दाचा घोळ

जर्मन संगीतकार ब्राम्सने 1865 मध्ये बाडेन-बाडेनजवळच्या लिख्टेन्टालला हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोसाठी ट्रिओ, म्हणजे तीन वाद्यांची रचना (ओपस 40), लिहिला, तेव्हा व्हॉल्व्हचा, म्हणजे कळ दाबून नळीची लांबी बदलणारा आणि त्यामुळे सगळे स्वर मोकळे देणारा हॉर्न काही नवा नव्हता. प्रशियात त्याचं पेटंट 1818 सालीच निघालं होतं. संगीतकार शुमानने 1849 मध्ये ‘अडाजिओ आणि अलेग्रो’ खास त्याच हॉर्नसाठी लिहिलं. तरीही ब्राम्सच्या ट्रिओवर शब्द आहे ‘वाल्डहॉर्न’, म्हणजे शब्दशः रानातला हॉर्न.

घोळ इथेच आहे. जर्मन बोलण्यात वाल्डहॉर्न म्हणजे नुसता हॉर्न, व्हॉल्व्ह असोत वा नसोत. म्हणून या शब्दाला फार चिकटू नये, असं एक मत आहे. ते पटण्यासारखं नाही. ब्राम्सने एका मित्राला पत्रातून सुचवलं होतं, की तुमच्याकडच्या वादकाने कार्ल्सरूहच्या वादकाप्रमाणे आधी काही आठवडे वाल्डहॉर्नचा रियाज करावा. हाताखालच्या रोजच्या वाद्यासाठी असं कुणी कशाला सांगेल? ब्राम्सचे वडील हॉर्न वाजवत, आणि लहानपणी तो स्वतःही हेच बिनव्हॉल्व्हचं वाद्य शिकला होता.

या बिनव्हॉल्व्हच्या हॉर्नमधून मोकळे निघतात ते नैसर्गिक स्वर तेवढेच, म्हणजे एकाच लांबीच्या नळीतून नुसत्या फुंकेने निघणारे. अधलेमधले स्वर काढायला उजवा हात भोंग्यात सरकवावा लागतो. ही हातोटी अठराव्या शतकातली. बेथोव्हनचा 1800 चा हॉर्न सोनाटाही तिच्याच भरवशावर उभा आहे. हात आत गेला की आवाज दबतो. ट्रिओचा तिसरा भाग, ‘अडाजिओ मेस्तो’, ई फ्लॅट मायनरमध्ये आहे. हॉर्नही ई फ्लॅटचाच. म्हणजे षड्ज हॉर्नचा स्वतःचा, पण त्यावरचा कोमल गंधार भोंगा झाकूनच काढायचा. ट्रिओ लिहिला त्याच वर्षी, 1865 च्या फेब्रुवारीत, ब्राम्सची आई गेली होती. दाटल्या गळ्याचा तो गंधार व्हॉल्व्हवर शेजारच्या स्वरांइतकाच मोकळा वाजतो. सूर चुकत नाही, पण दुःखाचा रंग उतरतो.

1866 च्या छापील आवृत्तीने हॉर्नऐवजी चेलोचीही मुभा दिली. पुढे मैफिलींत व्हॉल्व्हचा हॉर्नच रुळला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या वाद्यांवर जुनं संगीत वाजवण्याची चळवळ वाढली, तसा बिनव्हॉल्व्हचा हॉर्न या ट्रिओत परतला. 1982 मध्ये संगीतकार लिगेतीने ब्राम्सला वंदन म्हणून याच तीन वाद्यांसाठी ट्रिओ लिहिला. त्यात हॉर्न आहे व्हॉल्व्हचाच, पण पियानोच्या सुरांशी न जुळणारे नैसर्गिक स्वर त्याने मुद्दाम तसेच ठेवले.