तुमच्या परिसरात कलाकार-कारागिरांचा मेळा भरवताय? तारीख ठरवण्याआधी हे वाचा

आमचं नागपुरात बिछायत केंद्र आहे. लग्नं, वास्तुशांत, गणपतीचे मांडव हे नेहमीचं काम. पण गेल्या काही वर्षांत कॉलनीची मंडळं, महिला बचत गट, चित्रकलेचे विद्यार्थी असे बरेच जण वेगळ्याच कामासाठी येतात. दोन दिवसांचा मेळा भरवायचा असतो, शहरातल्या आणि आसपासच्या हातकाम करणाऱ्यांना विक्रीसाठी जागा द्यायची असते, आणि पहिला प्रश्न असतो, "मांडवाचा रेट काय?" रेट वेगळ्या कागदावर आहे, तो मागून घ्या. या पत्रकात रेटच्या आधीच्या गोष्टी आहेत. नुसता मांडव ठोकून दिला तर आमचं बिल निघतं, पण पुढच्या वर्षी मेळा भरत नाही.

मेळा दुसऱ्या वर्षी भरतो तो टेबलामागे बसलेल्या माणसाला पहिल्या वर्षी काही सुटलं तरच. "गर्दी तं खूप होती भाऊ, बोहनीच नाही झाली," असं म्हणत गेलेला कारागीर परत येत नाही, आणि चारजणांना सांगतो ते वेगळंच. म्हणून खालचं सगळं टेबलाच्या मागच्या बाजूने पाहून लिहिलं आहे.

स्टॉलचं भाडं किती ठेवावं

आयोजक साधारणपणे उलटं गणित करतात: एकूण खर्च भागिले स्टॉल, की झालं भाडं. त्याऐवजी आधी कारागिराचं गणित करून बघा. समजा, दोन दिवसांचं भाडं १,५०० रुपये आहे. माल आणायचा ऑटो, दोन वेळचं जेवण, चहा धरून आणखी ८०० गेले. म्हणजे खर्च २,३००. शंभराच्या विक्रीत कच्चा माल वजा जाता त्याला ४० रुपये सुटत असतील, तर नुसता खर्च भरून निघायला ५,७५० रुपयांची विक्री हवी. वस्तू सरासरी २५० रुपयांची असेल तर २३ वस्तू. इथवर त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचा एक रुपयाही निघालेला नाही. तुमच्या परिसरात प्रत्येक टेबलावरून पन्नासेक वस्तू विकल्या जातील का, हे स्वतःला विचारा. उत्तर "नाही" असेल तर भाडं कमी करा किंवा मेळा लहान ठेवा.

भाड्याऐवजी विक्रीवर टक्केवारी घेण्याची कल्पना कागदावर न्याय्य वाटते. आमचा सल्ला, नको. निम्मा व्यवहार रोखीत होतो, वही कोण तपासणार, आणि शेवटच्या रात्री सामान उचलताना वाद नको असतात. त्यापेक्षा भाड्याचे दोन दर ठेवा. खाण्याच्या स्टॉलला जास्त, कलाकारांना कमी. तर्रीपोहे आणि पाटोडी विकणाऱ्याची विक्री मातीच्या दिव्यांसारखी थांबून-थांबून होत नाही, त्याला ते परवडतं. विद्यार्थ्यांना दोघांत एक टेबल द्या.

कोणाला बोलवायचं

नागपुरात हातकामाला तोटा नाही. महालातल्या चितार ओळीतले मूर्तिकार, बुरडकाम (टोपल्या-सुपं) करणारी कुटुंबं, भंडाऱ्याकडचे करवतकाठी कोशाच्या साड्या विणणारे विणकर, गडचिरोलीकडचं बांबूकाम आणि ढोकरा धातुकाम, वर्धा-सेवाग्रामकडची खादी. त्यांच्या जोडीला घरी बसून क्रोशा, मातीचे दागिने, साबण, मेणबत्त्या करणाऱ्या ताया, आणि नव्याने गोंड शैलीत चित्रं काढणारी मुलं.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, दागिन्यांचे अर्ज सगळ्यांत जास्त येतात. सगळे घेतले तर रांगेत एकाशेजारी एक सहा झुमकेवाल्या, आणि सहाही जणी नाराज. आठ स्टॉलमागे दागिन्यांचा एक, यापेक्षा जास्त ठेवू नका. दुसरी अडचण म्हणजे गांधीबाग-इतवारीतून ठोकात आणलेला माल "हॅन्डमेड" म्हणून मांडणारे. व्यापार वाईट नाही, पण त्याच्या किमतीपुढे खरा कारागीर टिकत नाही. अर्जासोबत तयार वस्तूचा नाही, काम चालू असतानाचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ मागा. चाक, करघा, अर्धवट विणलेली टोपली, रंगाने माखलेले हात असं काहीतरी त्यात दिसलं पाहिजे. इतकी चाळणी पुरते.

शक्य असेल तर दोन-तीन जणांना मेळ्यातच काम करत बसवा आणि त्यांच्याकडून भाडं घेऊ नका. कुंभाराच्या चाकाभोवती लोक थांबतात, आणि थांबलेला माणूस शेजारच्या टेबलाकडेही बघतो. मात्र चाकाला आजूबाजूला मोकळी जागा आणि पाणी लागतं, कापडाच्या स्टॉलजवळ ते नको.

तारीख

मे महिन्यात दुपारी मेळा भरवण्याचा विचार मनात आला असेल तर थंड पाणी प्या आणि सोडून द्या. पारा ४५ च्या वर जातो, मातीच्या वस्तूही हाताला चटके देतात. उन्हाळ्यात करायचाच तर संध्याकाळी साडेपाचनंतर. कूलर आम्ही देतो, पण एक लक्षात ठेवा: कूलरची ओलसर हवा थेट जलरंगाच्या चित्रांवर किंवा हातकागदावर आली की कागद पोटासारखा फुगतो. चित्रांच्या रांगेला साधे पंखे लावा.

फेब्रुवारी-मार्च हवेला छान, पण बोर्डाच्या परीक्षा असतात. स्पीकरवरून कोणीतरी भांडायला येणारच, आणि त्याचं बरोबरच असतं. शिवाय विदर्भात त्याच सुमारास अवकाळी पाऊस आणि गारपीट येते, त्यामुळे या काळात आम्ही ताडपत्रीशिवाय मांडव देत नाही.

सगळ्यांत चांगले दिवस सणांच्या आधीचे. पोळ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी लाकडी नंदी करणाऱ्यांना बोलवा. तान्हा पोळा हा आपल्याकडचा मुलांचा सण आहे, आणि मुलांसाठी नंदी रंगवण्याचं टेबल ठेवलं तर आई-वडील तासभर तिथेच असतात. फक्त तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारी भागात काही ठेवू नका. त्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे यांच्या मिरवणुका निघतात, तिथे तुमचा टेम्पो पोहोचणार नाही. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, तेव्हा त्या बाजूच्या रस्त्यांचं तेच. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे विक्रीला उत्तम. डिसेंबर हवेला उत्तम, पण विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, सीताबर्डीकडे मोर्चे आणि बंदोबस्त असतो. तेव्हा जागा दुसरीकडे बघा आणि परवानगीचे अर्ज बरेच आधी द्या.

दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हिवाळ्यात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. तिथे इतर राज्यांतूनही कारागीर येतात. त्याच तारखांना तुमचा मेळा ठेवू नका. ग्राहकही वाटले जातील आणि चांगले कारागीरही.

मांडणी आणि उजेड

जागा भरून टाकण्याचा मोह होतो. दोन समोरासमोरच्या रांगांमध्ये किमान १० फूट सोडा. दोन्ही बाजूंना लोक वाकून बघत उभे राहिले की त्यातले पाच फूट गेले, उरलेल्या पाचांत पोराला कडेवर घेतलेल्या दोन आया एकमेकींना ओलांडून जाऊ शकल्या पाहिजेत. व्हीलचेअरही जाईल इतका रस्ता राहतो. रांग सरळ असेल तर शेवटच्या टेबलांकडे कोणी फिरकत नाही, म्हणून खाणं आणि बसायच्या खुर्च्या नेहमी शेवटच्या टोकाला, प्रवेशाशी कधीच नाही. लोक खायला म्हणून सगळी रांग चालून जातात.

उजेडावर पैसे खर्च करा, कमानीवर कमी करा. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे तुमचा सगळा गर्दीचा वेळ दिव्यांखालीच जाणार. लग्नाच्या मांडवातले निळसर पांढरे फोकस लावले तर कोशाचा सोनेरी रंग मरतो, चित्रातला लाल विटकरी दिसतो, आणि ग्राहक घरी जाऊन म्हणतो, रंग वेगळा होता. आम्ही स्टॉलसाठी ४००० केल्विनच्या आसपासचे (ना पिवळे, ना निळसर), रंग खरे दाखवणारे एलईडी देतो. अशा दिव्यांच्या खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं असतं. दिवा विक्रेत्याच्या डोक्यामागे नाही, टेबलाच्या वर पुढच्या कडेला टांगायचा, म्हणजे प्रकाश मालावर पडतो आणि ग्राहकाचे डोळे दिपत नाहीत.

विजेचा हिशेब सोपा आहे. स्टॉलमागे २० वॅटचे दोन दिवे धरले तर ४० स्टॉलना १,६०० वॅट लागतात. एका इंडक्शन शेगडीला २,००० वॅट. म्हणून खाण्याची लाइन वेगळी, तिचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) वेगळा. नाहीतर कोणीतरी चहा ठेवतो आणि चाळीसही टेबलं अंधारात जातात. गॅस सिलिंडर कापडी मांडवाखाली आम्ही ठेवू देत नाही, यात घासाघीस नाही. अग्निशामक सिलिंडर आमच्या सामानात येतोच. तुमच्यातल्या दोघांनी तो चालवायला शिकून घ्या.

कागदपत्रं

अर्ज तुमच्या संस्थेच्या नावाने जातात, कारण आयोजक तुम्ही. मैदान महापालिकेचं की नागपूर सुधार प्रन्यासचं, हे आधी पाहा. त्यानुसार अर्ज कुठे द्यायचा ते ठरतं. त्याशिवाय पोलीस ठाणे, वाहतूक शाखा, अग्निशमन विभाग, आणि तात्पुरत्या जोडणीसाठी महावितरण. अर्जाला लागणारा मांडवाचा नकाशा आणि विजेचा भार आम्ही काढून देतो.

मोकळ्या जागेत ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच ठेवावा लागतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. इतक्यात ऑर्केस्ट्रा बसत नाही, सतार किंवा बासरी बसते. खरं तर विक्रीसाठीही तेच बरं, ग्राहकाला किंमत विचारता आली पाहिजे.

खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी, घरून सांबारवडी करून आणणाऱ्या काकूंनाही. ती त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर होते. जीएसटीचं कलाकार फार घाबरून विचारतात. फक्त वस्तू आणि त्याही महाराष्ट्रातच विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. परराज्यातून येणाऱ्यांनी आपल्या सीएला विचारावं.

सजावटीला थर्माकोल मागू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर त्यावर बंदी आहे, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ फ्लेक्सवरही. कापडी फलक रंगवून घ्या, ते पुढच्या वर्षीही चालतात.

पैशांबाबत एकच. प्रत्येक स्टॉलवर ज्याचा त्याचा क्यूआर असू द्या. आयोजकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे गोळा करून नंतर वाटायची व्यवस्था कुठेतरी अडतेच, आणि ती रक्कम तुमचं उत्पन्न म्हणून दिसते. मैदानावर सगळ्या कंपन्यांचं नेटवर्क मिळतं का, हे जागा ठरवण्याआधी फोन काढून बघा. सुट्या नोटांची पिशवी आयोजकांकडे हवीच.

आमच्याकडे काय मिळतं, काय नाही

मांडव, टेबल-खुर्च्या, टेबलक्लॉथ, दिवे, वायरिंग, जनरेटर, पंखे, कूलर, कचऱ्याचे डबे आणि रोजची झाडझूड आम्ही करतो. रात्रीचा राखणदार वेगळा सांगावा लागतो. स्टॉलवर ठेवून गेलेल्या मालाची जबाबदारी मात्र आम्ही घेत नाही, दागिने आणि साड्या रोज घरी न्या. जाहिरात आम्ही करत नाही आणि गर्दीची हमी देत नाही. पावसामुळे तारीख पुढे ढकलली तर अनामत रक्कम नव्या तारखेला वळती होते, पण मांडव उभा झाल्यावर मजुरी लागतेच.

भेटायला येताना जागेचं माप, अंदाजे किती स्टॉल, खाण्याचे किती, आणि जागेचे मोबाइलवर चारही बाजूंनी काढलेले फोटो आणा. विजेचा खांब आणि झाडं फोटोत दिसू द्या. दिवाळीच्या आधीच्या तारखा हव्या असतील तर पोळ्याच्या आत कळवा. त्यानंतर आमचे बहुतेक पाइप आणि ताडपत्र्या गणपती आणि देवीच्या मांडवांना गेलेल्या असतात.