मेथडचा रिटर्न टाइप कसा ठरवावा : पीएचपीत वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

ज्यांचं दुकान, बुकिंग किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर पीएचपीवर चालतं आणि ज्यांच्याकडे ते सांभाळणारा स्वतःचा प्रोग्रॅमर आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. मेथड म्हणजे क्लासमधलं फंक्शन, आणि रिटर्न टाइप म्हणजे ते कोणत्या प्रकारची व्हॅल्यू परत देईल याची नोंद. मालकांनी ते प्रोग्रॅमरच्या हातात द्यावं. यूपीआय पेमेंटचा भाग मात्र स्वतःही वाचावा. कोडमधले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत, एडिटरमध्ये ते नेहमीसारखे इंग्रजीतच लिहायचे.

आधी आपली आवृत्ती बघा

रिटर्न टाइप लिहायची सोय पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे २०१५ साली आली. ‘व्हॉइड’ आणि प्रश्नचिन्हाचा नलेबल टाइप (व्हॅल्यू किंवा नल, म्हणजे ‘काहीच नाही’) ७.१ पासून, युनियन टाइप (अनेक टाइपांपैकी कोणताही एक) आणि ‘स्टॅटिक’ ८.० पासून, ‘नेव्हर’ आणि इनम (ठरलेल्या पर्यायांचा टाइप) ८.१ पासून. शेअर्ड होस्टिंगवर टर्मिनलमध्ये दिसणारी आवृत्ती आणि वेबसाइट ज्यावर चालते ती आवृत्ती बऱ्याचदा वेगळी असते. त्यामुळे टर्मिनलवर विसंबू नका, ब्राउझरमधून ‘पीएचपीइन्फो’ची छोटी फाइल चालवून खात्री करा आणि ती फाइल लगेच काढून टाका.

सापडलं नाही तर काय?

टाइप ठरवताना सगळं सुरळीत झाल्यावर काय परत जाईल याचाच विचार होतो. खरं काम उलट्या बाजूने सुरू होतं. हवी ती वस्तू मिळालीच नाही तर बोलावणाऱ्याने काय करायचं, ते आधी ठरवा. टाइप त्यातून आपोआप निघतो.

न सापडणं ही नेहमीची गोष्ट असेल, उदाहरणार्थ काउंटरवर मोबाइल नंबर टाकून जुना ग्राहक शोधणं, तर ‘?ग्राहक’ असा नलेबल टाइप द्या. न सापडणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असं असेल, जसं बिलावर नोंदलेला ग्राहकच टेबलात नाही, तर टाइप नुसता ‘ग्राहक’ ठेवा आणि एक्सेप्शन टाका. दोन्हींची गरज असेल तर दोन मेथड करा. नावातूनही फरक कळू द्या : ‘शोधा’ म्हटलं की नल येऊ शकतो, ‘आणा’ म्हटलं की वस्तू येते किंवा एक्सेप्शन येतं. ही जोडी सगळ्या क्लासमध्ये एकसारखी पाळली तर नवा माणूसही पहिल्याच दिवशी कोड वाचू शकतो.

इथली खाच पीडीओची, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या पीएचपीच्या भागाची आहे. ओळ मिळाली नाही की ‘फेच’ आणि ‘फेचकॉलम’ नल देत नाहीत, ‘फॉल्स’ देतात. समजा मालाची शिल्लक देणाऱ्या मेथडचा टाइप ‘?इंट’ आहे आणि ती ‘फेचकॉलम’चं उत्तर जसंच्या तसं परत करते. स्ट्रिक्ट टाइप्स (टाइप आपोआप न बदलण्याचा नियम) बंद असतील तर पीएचपी त्या ‘फॉल्स’चा मुकाट्याने ० करतं. परिणाम असा की यादीत नसलेला माल आणि संपलेला माल दोन्हीकडे शिल्लक ० दिसते, आणि चुकीचा कोड टाकणाऱ्याला ‘माल संपला’ असा निरोप जातो. त्यावर ‘?: नल’ हा शॉर्टकट लावला की चूक उलटी फिरते : खरोखरचा ० सुद्धा नल होतो. बरोबर रीत एकच : उत्तर तीन बरोबरच्या चिन्हांनी ‘फॉल्स’शी ताडून पाहा, जुळलं तर नल द्या, नाहीतर ‘इंट’मध्ये कास्ट करून द्या.

यादी देणारी मेथड

यादी रिकामी असेल तर रिकामा अ‍ॅरे द्या, नल कधीच नाही. नल दिला की प्रत्येक ‘फॉरईच’च्या आधी एक ‘इफ’ लागतो, आणि तो कुठेतरी विसरला जातोच.

रिटर्न टाइप बरोबर असूनही मोबाइल अ‍ॅप मोडतं, अशी एक जागा नीट बघण्यासारखी आहे. तीन बुकिंगचा अ‍ॅरे आहे, इंडेक्स ०, १, २. रद्द झालेली बुकिंग ‘अ‍ॅरे_फिल्टर’ने गाळली. हे फंक्शन जुने इंडेक्स तसेच ठेवतं. शेवटचं बुकिंग रद्द असेल तर ० आणि १ उरतात आणि जेसनमध्ये, म्हणजे मोबाइलला जाणाऱ्या मजकुरात, सरळ यादी जाते. मधलं रद्द असेल तर ० आणि २ उरतात, आणि पीएचपी त्याचा जेसन ऑब्जेक्ट करतं, म्हणजे चौकोनी कंसाच्या जागी महिरपी कंस. अ‍ॅप यादीची वाट बघत असतं, ते कोसळतं. दोन्ही वेळा टाइप ‘अ‍ॅरे’च, म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही आणि तक्रार ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ अशी येते. परत करण्याआधी ‘अ‍ॅरे_व्हॅल्यूज’मधून काढा आणि डॉकब्लॉकमध्ये (मेथडवरच्या कॉमेंटमध्ये) ‘लिस्ट’ असं लिहा, म्हणजे पीएचपीस्टॅनसारखं, कोड न चालवता तपासणारं टूल ही चूक पकडतं.

हजारो ओळींच्या एक्सपोर्टसाठी ‘यील्ड’ वापरून एकेक ओळ देणारा जनरेटर द्या. मात्र त्याच्या तीन सवयी माहीत असू द्या. तो एकदाच फिरवता येतो. त्यावर ‘काउंट’ चालत नाही. आणि मेथड बोलावल्यावर आतला कोड लगेच चालत नाही, पहिली ओळ मागितल्यावर चालतो. म्हणून तारखांची तपासणी त्याच मेथडमध्ये ठेवलीत तर एरर भलत्याच ठिकाणी फुटते. मायएसक्यूएलवर नुसत्या जनरेटरने मेमरी वाचतही नाही, कारण पीडीओ मुळात सगळा निकाल आधी मेमरीत ओढून घेतं. त्या क्वेरीसाठी बफरिंग बंद करावं लागतं, आणि ती पूर्ण वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही.

पेमेंट : हो-नाहीत बसत नाही

‘पेमेंट_तपासा’ या मेथडचा टाइप ‘बूल’ ठेवणं ही आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. यूपीआयचं उत्तर दोन प्रकारचं नसतं. झालं, फसलं आणि अजून प्रलंबित, असे निदान तीन प्रकार असतात. ‘बूल’मध्ये प्रलंबितला जागाच नाही, म्हणून तो ‘फॉल्स’मध्ये ढकलला जातो. स्क्रीनवर ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ येतं, गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरतं, थोड्या वेळाने पहिलं पेमेंटही जमा होतं. मग परताव्याची फोनाफोनी सुरू होते.

इथे इनम द्या. ‘पेमेंटस्थिती’ नावाचा इनम, त्यात ‘यशस्वी’, ‘अयशस्वी’, ‘प्रलंबित’. बोलावणाऱ्या जागी ‘मॅच’ लिहा आणि ‘डिफॉल्ट’ मुद्दाम लिहू नका. उद्या ‘परतावा’ ही चौथी स्थिती आली आणि एखाद्या ‘मॅच’मध्ये तिची सोय राहिली, तर ‘अनहँडल्डमॅचएरर’ येऊन ती जागा लगेच उघडी पडते. ‘डिफॉल्ट’ असता तर चौथी स्थिती गुपचूप तिसरीच्या वाटेने गेली असती. अयशस्वीचं कारणही हवं असेल तर इनम आणि संदेश मिळून एक छोटा रीडओन्ली ऑब्जेक्ट परत करा. ‘बूल किंवा स्ट्रिंग’ असला युनियन टाइप टाळा : रिकामी नसलेली स्ट्रिंग ‘इफ’मध्ये बहुतेकदा खरी ठरते, आणि एररचा संदेशच यश म्हणून मोजला जातो.

रक्कम

रकमेसाठी ‘फ्लोट’ नको. १९.९९ ला १०० ने गुणून ‘इंट’मध्ये कास्ट केलं तर १९९९ नाही, १९९८ येतात. छापून पाहिलं तर मात्र गुणाकार १९९९ च दिसतो, कारण ‘इको’ आकडा पूर्णांकन करून दाखवतं. म्हणून ही चूक डोळ्यांना सापडत नाही. रुपयांऐवजी पैशांमध्ये मोजा आणि ‘इंट’ परत करा. रेझरपेसारखे गेटवेही रक्कम पैशांतच मागतात. डेटाबेसमधला कॉलम डेसिमल असेल तर पीडीओ तो स्ट्रिंग म्हणून देतं. तिचे पैसे करताना गुणाकारानंतर आधी ‘राउंड’, मग कास्ट.

तारखांचं थोडक्यात : ‘डेटटाइम’ऐवजी ‘डेटटाइमइम्युटेबल’ हा न बदलणारा ऑब्जेक्ट परत करा. नाहीतर बिलाची तारीख घेऊन कुणी मुदतीचे ३० दिवस मिळवतं आणि मूळ बिलाचीच तारीख पुढे सरकते.

काहीच परत न देणाऱ्या मेथड

काम झालं, सांगण्यासारखं काही नाही, तर ‘व्हॉइड’. अशा मेथडमध्ये ‘रिटर्न नल’ लिहिलं तरी पीएचपी फाइल चालवायलाच नकार देतं; नुसतं ‘रिटर्न’ चालतं. जी मेथड नेहमी ‘ट्रू’च देते, तीही ‘व्हॉइड’ करा. ते ‘ट्रू’ कुणीच तपासत नाही.

‘नेव्हर’ वेगळं आहे. तो टाइप म्हणतो की इथून मागे फिरणं नाही. लॉगिन नसलेल्याला दुसऱ्या पानावर पाठवणारी मेथड घ्या. लोकेशनचा हेडर पाठवला म्हणून पीएचपी थांबत नाही. पुढचा ‘एक्झिट’ राहिला तर अ‍ॅडमिनचं सगळं पान तयार होऊन उत्तरातच जातं. ब्राउझर लगेच पुढच्या पानावर उडी मारतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही, पण कर्लने (टर्मिनलमधून पान मागवणाऱ्या टूलने) मागवणाऱ्याला सगळं दिसतं. मेथडवर ‘नेव्हर’ असेल आणि ‘एक्झिट’ विसरला असेल, तर मेथड संपताच टाइपएरर येतो आणि पुढचा कोड चालतच नाही.

साखळीने बोलावायच्या बिल्डर मेथडवर ‘सेल्फ’ऐवजी ‘स्टॅटिक’ लिहा, म्हणजे चाइल्ड क्लासमधून सुरू झालेली साखळी एडिटरलाही चाइल्डचीच कळते.

जुन्या कोडमध्ये टाइप घालताना

क्रम चुकला तर साइट बंद पडते. पॅरेंट क्लासच्या किंवा इंटरफेसच्या मेथडवर रिटर्न टाइप लिहिला आणि चाइल्डवर राहिला, तर क्लास लोड होतानाच फेटल एरर येतो. ती मेथड कुणी बोलावली नसली तरी. उलट, पॅरेंटवर टाइप नसताना चाइल्डवर लिहिलेला चालतो. म्हणून सुरुवात प्रायव्हेट मेथडपासून करा, मग सगळे चाइल्ड, आणि पॅरेंट व इंटरफेस सगळ्यात शेवटी.

पीएचपीस्टॅनची सहावी पातळी राहिलेले टाइप दाखवते, आठवी पातळी नल असू शकणाऱ्या गोष्टीवर मेथड बोलावली तर ओरडते. पहिल्याच फेरीत शेकडो ओळी आल्या तर घाबरू नका. त्या बेसलाइन फाइलमध्ये (तूर्त बाजूला ठेवलेल्या जुन्या चुकांच्या यादीत) टाका आणि नवा कोड तेवढा स्वच्छ ठेवा.

स्ट्रिक्ट टाइप्सची घोषणा फाइलमधलं पहिलं स्टेटमेंट असावी लागते आणि ती त्या एका फाइलपुरतीच असते. परत जाणाऱ्या व्हॅल्यूला मेथड जिथे लिहिली आहे त्या फाइलचा नियम लागतो, पाठवलेल्या आर्ग्युमेंटला बोलावणाऱ्या फाइलचा. ही घोषणा टाइप घातल्यानंतर, वेगळ्या कमिटमध्ये, फाइलमागून फाइल करा. ८.१ च्या आधी पीडीओ मायएसक्यूएलमधले इंटिजरही नेहमीच्या सेटिंगवर स्ट्रिंग म्हणून द्यायचं, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर ‘इंट’ लिहिलेली मेथड स्ट्रिक्ट होताच टाइपएरर देईल. तिथे आधी कास्ट करा.

आणखी एक : टाइपएरर हा ‘एक्सेप्शन’ नाही, ‘एरर’ या कुळातला आहे. तुमचा सगळ्यात बाहेरचा ‘कॅच’ फक्त ‘एक्सेप्शन’ पकडत असेल तर हा त्यातून निसटतो आणि गिऱ्हाइकाला कोरं पान दिसतं. तिथे ‘थ्रोएबल’ लिहा. लाइव्ह सर्व्हरवर एरर पडद्यावर दाखवणं बंद आणि लॉगमध्ये लिहिणं चालू आहे ना, तेही बघून घ्या.

तपासणीसाठी कोड पाठवताना

वेब सर्व्हरची पीएचपी आवृत्ती, कंपोझरच्या दोन्ही फाइल, पीएचपीस्टॅनची सेटिंग आणि बेसलाइन असेल तर ती, आणि स्टेजिंगचा अलीकडचा एरर लॉग सोबत द्या. डेटाबेसची फक्त रचना पाठवा, डेटा नको. पासवर्ड आणि गेटवेच्या किल्ल्या असलेली एन्व्ह फाइल कृपया वगळा. ती चुकून आली तर आम्ही काम सुरू करण्याआधी तुम्हाला किल्ल्या बदलायला सांगू.